वर तोरणमाळला थंडी, खाली उनपदेवला गरम पाणी : एकाच सातपुड्यात असं कसं?

डिसेंबर लागला, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरली, घोडेबाजारात गर्दी उसळली की शहादा तालुक्यात फिरण्याचे दिवस सुरू होतात. कुणी प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर जातं, कुणी जीप भरून तोरणमाळचा सातपायरी घाट चढतं. वर पहाटे दात वाजतात. यशवंत तलावावर धुकं असतं, चहाच्या टपरीजवळ शेकोटीभोवती माणसं हात चोळत बसतात. आणि याच सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा तालुक्यातच, उनपदेवला जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. ना चूल, ना बंब, ना गिझर.

सोबतची लहान पोरं हमखास विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त असतो : एकाच डोंगराचं डोकं थंड आणि पाय गरम, असं कसं?

मोठ्यांची उत्तरं ठरलेली असतात. "खाली गंधक जळतंय." "खाली ज्वालामुखी आहे." "देवाची करणी आहे." यातली पहिली दोन उत्तरं चुकीची आहेत. तिसरं श्रद्धेचं आहे, त्याच्याशी कुणी वाद घालायचं कारण नाही. अडचण होते ती माणूस दवाखाना सोडून फक्त कुंडावर विसंबतो तेव्हा. तो विषय पुढे येईलच.

आधी पत्ता नीट

मोबाइलवर 'उनपदेव' शोधलं की दोन ठिकाणांची सरमिसळ होऊन माहिती समोर येते. फोटो एका जागेचे, रस्ता दुसऱ्या जागेचा. त्यामुळे बाहेरून येणारे लोक हमखास गोंधळतात. एक उनपदेव नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं. दुसरं जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात अडावदजवळ. त्या दुसऱ्याच्या शेजारी सुनपदेव आणि नाझरदेव अशी आणखी दोन ठिकाणं आहेत. शहाद्याहून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाने पूर्वेला निघालं की शिरपूर लागतं, मग चोपडा, आणि त्यानंतर अडावद. म्हणजे दोन उनपदेवांमध्ये एक अख्खा तालुका आडवा पडलाय. 'उनपदेवला जायचंय' एवढं सांगून गाडी ठरवली तर चालकाला तालुक्याचं नाव आधी सांगितलेलं बरं.

नवापूरकडच्या लोकांना तिसरंच ठिकाण जवळचं वाटतं : गुजरातेत वांसद्याजवळचं उनाई. तिथे उनाई मातेचं मंदिर आहे आणि गरम पाण्याचं कुंडही.

उनपदेव, उनाई, आणि कोकणात गेलं तर उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. या नावांचं एकमेकांशी नातं उघड दिसतं. जेवताना 'ऊन ऊन भात' म्हणतात, तोच हा 'ऊन'. मूळ शब्द संस्कृत 'उष्ण'. पाणी गरम आहे हे लोकांनी गावाच्या नावातच लिहून ठेवलंय, पाटी लावायची गरजच ठेवली नाही.

गंधक नाही, ज्वालामुखीही नाही

गंधकाचा समज कुठून आला ते कळण्यासारखं आहे. बऱ्याच गरम झऱ्यांवर सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. हवेत अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. पण तो वायू पाण्यात विरघळून येतो, पाणी तापवत नाही. जमिनीखाली गंधक 'जळायला' हवा लागेल, आणि ती तिथे नसते. वास आला म्हणून पाणी औषधी झालं, असंही नाही.

ज्वालामुखीच्या गोष्टीत मात्र अर्धं सत्य आहे, फक्त ते फार जुनं. नंदुरबारच्या पायाखालचा काळा पाषाण लाव्ह्याचाच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत दख्खनचं पठार तयार झालं. त्या भेगांमध्ये जो रस आतच थिजला त्याच्या भिंती आजही दिसतात. नंदुरबारहून साक्री-धुळ्याकडे जाताना माळावर मध्येच एखादी सरळसोट, दगडी बांधासारखी टेकडी दूरवर पळत गेलेली दिसते, तीच ही भिंत. भूशास्त्रात तिला 'डाइक' म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास 2007 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या ज्वालामुखी-अभ्यासकांना हा कोरडा माळ ओळखीचा झाला. गावातल्या लोकांना त्या टेकडीचा उपयोग गुरं चारायला आणि खडी फोडायला.

पण तो लाव्हा कधीच थंड झालाय. सहा-साडेसहा कोटी वर्षं कुठलीच चूल धगधगत राहत नाही. उनपदेवखाली आज वितळलेला रस नाही, आणि इथे ज्वालामुखी फुटेल अशी भीती बाळगायचंही कारण नाही.

वर जाताना थंड, खाली जाताना गरम

मग पाणी तापतं कशाने? उत्तर तोरणमाळच्या घाटातच सापडतं.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण 1150 मीटरवर आहे. शहाद्याचं सपाट रान त्याच्या सुमारे एक किलोमीटर खाली. हवेचा साधारण हिशोब असा, की एक किलोमीटर वर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणून शहाद्यात हाफ शर्टवर निघालेला माणूस वर पोचल्यावर चादर मागतो.

आता उलटा प्रवास. शहाद्याच्या शेतात उभं राहून सरळ खाली, जमिनीत उतरता आलं असतं तर? दर किलोमीटरला खडकाचं तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी चढत जातं. ही उष्णता पृथ्वी तयार झाली तेव्हापासूनची काही आणि खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या मंद क्षयातून सतत निर्माण होणारी काही. ती सगळीकडे आहे. उनपदेवखाली आहे तशी नंदुरबार बसस्थानकाखालीही आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथे खाली खडक इतके तापलेले असत की थंड हवा सोडल्याशिवाय माणूस काम करू शकत नसे. आणि कोलारला काही ज्वालामुखी नव्हता.

म्हणजे गरम पाणी हे आश्चर्य नाहीच. जमिनीखाली एक-दीड किलोमीटर गेलेलं कुठलंही पाणी गरम होणारच. खरं आश्चर्य पुढचं आहे : ते पाणी इतकं खोल गेलं कसं, आणि थंड न होता वर आलं कसं?

एका रेषेतले झरे

नकाशा काढून शहाद्याच्या उनपदेववर बोट ठेवावं. तिथून पूर्वेला सातपुड्याच्या दक्षिण कडेने सरकत जावं. चोपड्याचं उनपदेव, सुनपदेव, नाझरदेव लागतात. आणखी पुढे अमरावती जिल्ह्याच्या हद्दीवर मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी. तसंच पुढे मध्य प्रदेश ओलांडून छत्तीसगडमध्ये तातापानी, जिथलं पाणी उकळीच्या जवळ पोचलेलं असतं. हे झरे इकडेतिकडे विखुरलेले नाहीत, एका पट्ट्यात ओळीने बसलेत.

ती ओळ म्हणजे जमिनीतली मोठी चीर. सोन, नर्मदा आणि तापी या तीन नद्यांच्या नावांवरून भूशास्त्रज्ञ तिला 'सोनाटा' पट्टा म्हणतात. या पट्ट्यात जमिनीचे तुकडे भेगांच्या दोन बाजूंनी वर-खाली सरकलेत. सातपुडा वर उचलला गेला, तापीचं खोरं खाली खचलं. शहाद्याच्या सपाट शेतातून उत्तरेला पाहिलं की डोंगर हळूहळू चढत जात नाही, भिंतीसारखा एकदम उभा राहतो. ती कड म्हणजेच भेगेची खूण. देशातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहत असताना नर्मदा-तापी पश्चिमेला का वाहतात, याचंही उत्तर याच चिरेत आहे. चीर पूर्णपणे निवांत झालेली नाही. 14 मार्च 1938 चा सातपुड्यातला भूकंप आणि 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप, दोन्ही याच पट्ट्यातले.

झऱ्याचं काम असं चालतं. सातपुड्याच्या माथ्यावर पाऊस पडतो. बरंचसं पाणी नाल्यांतून गोमाईला आणि पुढे तापीला जातं. थोडं जमिनीत मुरतं. त्यातलंही बहुतेक वरच्यावर राहून विहिरींना, बोअरना मिळतं. अगदी थोडा वाटा खोल भेगांमध्ये शिरतो आणि उतरत उतरत तापलेल्या खडकांपर्यंत पोचतो. तापलेलं पाणी हलकं होतं. मागून डोंगरावरच्या उंच पाण्याचा दाब असतोच. मग जिथे भेगेचं तोंड मोकळं सापडतं, तिथून ते वर येतं. भेग अरुंद आणि सलग असली तर वाटेत फारसं निवत नाही. वाट लांबली, मध्येच गार पाणी मिसळलं, तर कोमट होऊन येतं. म्हणून एकाच पट्ट्यातल्या झऱ्यांची ऊब सारखी नसते.

हे पाणी मुळात पावसाचंच असतं, हा केवळ अंदाज नाही. पावसाच्या पाण्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण ठरावीक असतं, ती त्याची ओळखच म्हणा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याची अशी तपासणी केली, तेव्हा तेही पावसाचंच निघालं. फरक एवढाच, की खोल फिरून येणारं पाणी गेल्या पावसाळ्यातलं नसतं. आज अंगावर घेतलेलं पाणी कदाचित पणजोबांच्या काळात डोंगरावर पडलेलं असेल.

तोच ऋषी, तोच बाण

चोपड्याच्या उनपदेवची कथा खान्देशात बहुतेकांना ठाऊक आहे. शरभंग ऋषींना महारोग झाला होता. वनवासात आलेल्या रामाने जमिनीत बाण मारला, गरम पाणी उसळलं आणि ऋषी बरे झाले. गंमत अशी, की उनाईला गेलं तर तिथेही हेच ऋषी, हाच आजार आणि हाच बाण. फक्त तिथे सीतेने त्या पाण्यात स्नान केलं आणि 'हूं नाही', म्हणजे 'मी न्हाले', असं म्हणाली, म्हणून उनाई, अशी जोड आहे. दोन राज्यांतली दोन ठिकाणं आणि एकच गोष्ट. गरम पाणी दिसलं की माणसाला पहिली आठवण कातडीच्या आजाराची होते, एवढं त्यातून नक्की कळतं.

कथा म्हणून ती सुंदर आहे. पण तिच्यावर भरवसा ठेवून कातडीवरचा चट्टा घेऊन आजही लोक गरम पाण्याच्या कुंडांवर येतात, तिथे गोष्ट गंभीर होते.

महारोग, म्हणजे कुष्ठरोग, जंतूमुळे होतो. तो जंतू नॉर्वेच्या हान्सन या डॉक्टरांनी 1873 सालीच शोधला. गरम पाण्याच्या अंघोळीने तो मरत नाही. बहुविध औषधोपचाराने मात्र आजार पूर्ण बरा होतो. प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. उपचार सुरू झाला की थोड्याच काळात रोग पसरवण्याची शक्यताही संपते.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. कुष्ठरोगात चट्ट्याच्या जागची संवेदना जाते. हात-पाय बधिर होतात. अशा माणसाला पाणी किती तापलंय हे कळतच नाही. इतरांना चटका बसताच ते पाय मागे घेतात. तो मात्र पाय तसाच ठेवून बसतो आणि भाजून घेतो. ज्या आजारासाठी लोक गरम झऱ्यावर येतात, नेमका त्याच आजारात गरम झरा जास्त धोक्याचा. जुना मधुमेह असलेल्यांचंही तसंच. पाय बधिर झाले असतील तर आधी दुसऱ्या कुणीतरी हात घालून पाहावं, मगच पाण्यात उतरावं.

खरूज आणि गजकर्णाची तऱ्हा निराळी. गरम पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते, म्हणून 'फरक पडला' असं वाटतं. पण खरूज एकमेकांच्या कपड्यांतून, टॉवेलातून घरभर होते; गजकर्ण ओल्या कपड्यांत फोफावतं. घरच्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय खरूज जात नाही. आणि मेडिकलमधून विचारल्याशिवाय आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने गजकर्ण आधी दबतं, मग दुप्पट होऊन येतं.

मग या पाण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे. "उनपदेवला न्हाऊन आले की गुडघे मोकळे होतात," असं सांगणारी आजी काही खोटं बोलत नाही. उबेने रक्ताचा प्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं कमी वाटतं. दोन दिवस बरं वाटेल, चार दिवस वाटेल. घरच्या बंबातल्या पाण्यानेही ते होतं, फक्त तिथे डोंगर नसतो, नातवंडं सोबत नसतात, आणि सासू-सुना एका जीपमध्ये बसून गेलेल्या नसतात. या गोष्टींचाही गुडघ्यांवर परिणाम होत असावा.

न्हाताना

चाळीस अंशांपर्यंतचं पाणी अंगाला मानवतं. पन्नासच्या पुढे जपावं लागतं, आणि साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी सुमारे 70 अंशांचं आहे, तिथे थेट झऱ्यात हातही घालवत नाही. म्हणून जागा कुठलीही असो, लहान मुलाला पाण्यात सोडण्याआधी मोठ्याने कोपर बुडवून पाहावं. तळहातापेक्षा कोपराच्या कातडीला ऊब नीट कळते.

नंदुरबार जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाची सूचना सिकलसेलची. आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. सिकलसेल असलेल्यांना अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंगाला एकदम गारवा लागला की हाडं-सांधे भयंकर दुखण्याचा झटका येऊ शकतो. गरम पाण्यात बराच वेळ बसलं की घाम जातो. तसंच ओल्या कपड्यांनी उघड्या जीपमध्ये थंडीचं वारं घेत परत निघालं की गारवाही लागतो. म्हणजे झटक्याची दोन्ही कारणं एकाच फेरीत जुळून येतात. अशांनी दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं, भरपूर पाणी प्यावं, लगेच अंग पुसून कोरडे गरम कपडे घालावेत. आणि वर तोरणमाळला जायचंच असेल तर स्वेटर आधी पिशवीत टाकावा. घरात कुणाची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्ताची चाचणी होते. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत हीच तपासणी मुख्य आहे.

हृदयविकार, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले, गरोदर बायका यांनी गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहू नये. दारू पिऊन तर पाण्यात उतरूच नये. गरम पाण्याने आधीच रक्तदाब उतरतो, चक्कर येऊन कुंडात पडायला वेळ लागत नाही.

आणखी एक काळजी. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या गाजल्या. तो अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो. प्यायल्याने काही होत नाही, पण पाणी नाकात जोरात शिरलं तर तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. आजार फार विरळा, पण झाला तर बहुतेक वेळा जीव जातो. घाबरून जायचं कारण नाही, फक्त पोरांनी कुंडात सूर मारू नये, डोकं बुडवू नये, नाकात पाणी ओढू नये. साचलेल्या कुंडापेक्षा वाहत्या धारेखाली तांब्याने अंघोळ केलेली चांगली.

पाणी बाटलीत भरून नेऊन 'तीर्थ' म्हणून रोज पिण्याची सवयही सोडलेली बरी. खोल खडकातून तापून आलेलं पाणी बरोबर बरंच काही विरघळवून आणतं. गरम झऱ्यांत फ्लोराइड जास्त सापडणं नेहमीचं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको, असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढे दात आणि हाडं खराब होतात. आचमन वेगळं, रोजचा हंडा वेगळा.

साबण, शाम्पूच्या पुड्या, जुने कपडे तिथे सोडून देणं, याबद्दल किती लिहावं. देवाच्या जागी कपडे सोडले की पीडा सुटते, असं मानणारे आहेत. पीडा जाते की नाही ते माहीत नाही, पण कपडे नाल्यात अडकून राहतात.

झरा आटू शकतो का?

बारमाही झरा म्हणजे कायमचा झरा, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं.

न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ नावाचं गाव आहे, गरम झरे आणि कारंज्यांसाठी जगात प्रसिद्ध. तिथल्या लोकांनी घरं, हॉटेलं गरम ठेवायला ठिकठिकाणी बोअर मारून गरम पाणी उपसलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारंजी मंदावली, काही झरे थांबले. शेवटी 1986-87 च्या सुमारास सरकारने पोहुतू या मुख्य कारंज्यापासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या. लोकांनी आरडाओरडा केला, पण पुढच्या काही वर्षांत खालचा दाब सावरला आणि झरे पुन्हा वाहू लागले.

उनपदेवला कुणी घर गरम करायला पाणी उपसत नाही. पण पट्टा शहाद्याचा आहे : केळी, पपई, ऊस. बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. याच तापी खोऱ्यात पूर्वेला यावल-रावेरकडे केळीच्या पट्ट्यात भूजल इतकं खाली गेलंय की सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी जिरवण्यासाठी तापी महापुनर्भरण योजना आखावी लागली, आणि मे 2025 मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी तिच्यासाठी करार केला. गरम झऱ्याची वाट खोल असली तरी शेवटचा टप्पा वरच्या थरांतूनच असतो. आजूबाजूच्या विहिरी-बोअरची पातळी खूप खाली गेली तर वर येणारं पाणी मध्येच आडव्या वाटेने निघून जाऊ शकतं. झरा थंड होतो, नाहीतर धार बारीक होते.

दुसरं टोक डोंगरावर. माथ्यावरचं पाणी मुरलंच नाही तर खाली तापायला येणार काय? उतार उघडा पडला, माती वाहून गेली की पाऊस थांबत नाही, सरळ नाल्याला लागतो. तोरणमाळ-धडगावकडच्या उतारांवरची झाडं आणि समतल चर यांचा हिशोब बहुतेक वेळा विहिरींच्या पाण्याशी लावला जातो. उनपदेवचा झराही त्याच हिशोबात बसतो. फक्त त्याची उधारी फार लांबची आहे : आज डोंगर बोडका झाला तर झऱ्याला ते कदाचित नातवंडांच्या काळात कळेल.

कायद्याची मदत अर्धवट आहे. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती 500 मीटरचं संरक्षण देतो. ते पिण्याच्या स्रोताला. अंघोळीच्या गरम झऱ्याजवळ कुणी बोअरचं मशीन उभं केलं तर ग्रामपंचायतीला काय दाखवून ते थांबवायचं, हा प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवा. मशीन रात्रीतून काम उरकतं.

तोवर एक गोष्ट गावाला करता येईल, आणि तिला ना निधी लागत ना मंजुरी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच चार महिन्यांत शाळेतल्या पोरांनी झऱ्यावर जावं. सोबत विज्ञानाच्या कपाटातला थर्मामीटर, दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. थर्मामीटर कुंडात नाही, पाणी जमिनीतून जिथे बाहेर पडतं तिथे धरायचा. बादली धारेखाली लावायची आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीस लिटर. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची, तारीख टाकायची, आदल्या आठवड्यात पाऊस होता का तेही लिहायचं. वही शाळेत ठेवायची, एक प्रत ग्रामपंचायतीत.